पैशांची शाब्दिक उदाहरणे: शेवटाकडून मागे यायचं की क्ष मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीत. तिला परीक्षेत हे गणित आलं होतं: ‘आई काही रुपये घेऊन बाजारात गेली. निम्मे पैसे किराण्याला गेले आणि नंतर ५० रुपये रिक्षाला. उरलेल्या पैशांपैकी एक तृतीयांश औषधांना गेले, मग २० रुपयांची भाजी घेतली. घरी आली तेव्हा १६० रुपये शिल्लक होते. तर निघताना तिच्याजवळ किती रुपये होते?’ मुलीने शेवटाकडून मागे येत ६४० हे उत्तर काढलं. उत्तर बरोबर, पण समीकरण मांडलं नाही म्हणून गुण कापले गेले. वडील विचारतात की तिला उलट जाण्याची सवय मोडायला लावावी का, आणि पैशांच्या गणितांना नेमकी कोणती रीत लावायची.

सवय अजिबात मोडू नका. या गणिताला हीच रीत सगळ्यात शोभते. कोणती रीत घ्यायची ते पैशाच्या वाटेकडे पाहून ठरवायचं असतं. पैसा एकेक पायरीने खर्च होत किंवा हात बदलत गेला आहे आणि शेवटची शिल्लक सांगितली आहे, तर मागे यावं. माहीत नसलेली रक्कम गणितात दोन ठिकाणी वापरावी लागत असेल, तर क्ष मानावा. वर्गात मी मुलांना समीकरण मांडण्याआधी एवढंच विचारते: ‘शेवट माहीत आहे का? आणि तिथून मागे जायला एकच वाट आहे का?’ दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं तर क्षची गरज नाही.

तिने काय केलं ते आधी जवळून पाहू. शेवटी १६०. त्याच्या लगेच आधी भाजीचे २० गेले, म्हणजे भाजीपूर्वी १८०. हे १८० म्हणजे औषधांना एक तृतीयांश दिल्यावर राहिलेले दोन तृतीयांश. दोन भागांचे १८०, तर एका भागाचे ९० आणि तिन्ही भागांचे २७०. त्याआधी रिक्षाचे ५० होते, म्हणजे ३२०. आणि ३२० म्हणजे किराण्यानंतर राहिलेला निम्मा भाग, म्हणून निघताना ६४०.

आता हेच समीकरणाने करू. निघताना क्ष रुपये होते. किराण्यानंतर क्ष/२ राहिले, रिक्षानंतर क्ष/२ − ५०. औषधांनंतर त्याचे दोन तृतीयांश राहिले, त्यातून २० गेले आणि १६० उरले:

२/३ × (क्ष/२ − ५०) − २० = १६०

इथे बहुतेक मुलं सवयीने कंस सोडवायला घेतात. मग क्ष/३ − १००/३ − २० = १६० असं होतं आणि तो १००/३ पाहून हात थांबतो. रुपयांच्या गणितात हे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश कुठून आलं? खरं तर काहीच चुकलेलं नसतं, पण मूल बिचकतं, खोडतं, पुन्हा मांडतं आणि तिथेच वेळ जातो. कंसाला हातच लावू नका. २० पलीकडे न्या: २/३ × (कंस) = १८०. दोन्ही बाजूंना ३/२ ने गुणा: कंस = २७०. ५० पलीकडे न्या: क्ष/२ = ३२०. दुप्पट करा: क्ष = ६४०.

१८०, २७०, ३२०, ६४०. मुलीच्या वहीतले तेच आकडे, त्याच क्रमाने. अशा एकसरळ गणितात समीकरण सोडवणं म्हणजेच मागे येणं. मांडणी आपण घटना घडल्या त्या क्रमाने करतो आणि सोडवताना शेवटची घटना आधी उलगडतो. हे दोन्ही एकाच गणिताचे भाग आहेत हे मुलांना दाखवलं, की पक्षांतराचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ‘अधिकचं वजा होतं, गुणिलेचं भागिले होतं’ हे त्यांनी बाजारातून घरापर्यंतच्या हिशेबात आधीच केलेलं असतं. म्हणूनच उलट जाण्याला ‘लहान मुलांची पद्धत’ म्हणणं मला पटत नाही. आर्यभटाने आर्यभटीयाच्या गणितपादात एक अख्खा श्लोक यालाच दिला आहे: उलट जाताना गुणक भाजक होतात, भाजक गुणक होतात, मिळवलेलं वजा होतं आणि वजा केलेलं मिळवलं जातं. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातही (इ. स. ११५०) विलोमविधी म्हणून ती स्वतंत्रपणे येते.

मागे येताना मुलं कुठे घसरतात ते आता सविस्तर सांगते, कारण गुण जातात ते बहुधा इथेच. बेरीज-वजाबाकी उलटताना कोणी चुकत नाही. चूक होते ती अपूर्णांक उलटताना. ‘एक तृतीयांश खर्च झाले’ याच्या उलट ‘एक तृतीयांश मिळवा’ असं मुलांना वाटतं. म्हणजे १८० चा एक तृतीयांश ६०, म्हणून आधी २४०. पडताळून पाहा: २४० चा एक तृतीयांश ८०, उरतात १६०, म्हणजे १८० येतच नाहीत. कारण जो तृतीयांश गेला तो मोठ्या रकमेचा होता आणि आपण परत मिळवतोय तो लहान रकमेचा. तृतीयांश वजा झाला असेल तर उरलेल्याचा अर्धा मिळवावा लागतो: १८० आणि ९०.

लीलावतीत यासाठी नेमका नियम आहे. राशीतून तिचाच काही भाग वजा केला असेल, तर उलट येताना छेदातून अंश वजा करून नवा छेद घ्यायचा, अंश तोच ठेवायचा, आणि तो भाग मिळवायचा. १/३ वजा झाला तर १/२ मिळवा. २/९ वजा झाला तर २/७ मिळवा. भाग मिळवला असेल तर छेदात अंश मिळवायचा: १/४ वाढवला असेल तर १/५ कमी करा. नियम पाठ करायला मी सांगत नाही. ‘किती भागांपैकी किती भाग उरले’ एवढं विचारलं तरी काम होतं, पण कागदावर एकदा नियमाने करून पाहण्यात मुलांना मजा येते.

मोठ्या माणसांचीही इथेच फसगत होते. १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८० रुपये झालं, तर मूळ किंमत किती? अनेक जण १,१८० चे १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे, वजा करून ९६७ रुपये ६० पैसे सांगतात. मूळ किंमत १,००० आहे. १८ टक्के लागले ते १,००० वर. बिलातला कर काढायचा तर बिलाला १८/११८ ने गुणायचं, १८/१०० ने नाही. नफा-तोट्याच्या आणि सूट-सवलतीच्या सगळ्या उलट गणितांत हाच एक प्रश्न विचारायचा: हे टक्के कशाचे? उदाहरण वाचताना ‘उरलेल्या’, ‘शिल्लक रकमेच्या’, ‘मूळ रकमेच्या’, ‘एकूण’ या शब्दांखाली मुलीला रेघ मारायला लावा. ‘एकूण रकमेचा एक तृतीयांश’ आणि ‘उरलेल्याचा एक तृतीयांश’ यात गणित पूर्ण बदलतं.

लीलावतीतलं यात्रेकरूचं गणित मुलीला जरूर द्या. एका यात्रेकरूने जवळचं निम्मं धन प्रयागला दान केलं. उरलेल्याचे दोन नवमांश काशीत दिले. जे राहिलं त्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीला गेला. मग उरलेल्याचे सहा दशांश गयेत दिले. ६३ निष्क (त्या काळचं नाणं) शिल्लक घेऊन तो घरी परतला. आरंभी किती होते?

मागे या. गयेत सहा दशांश गेले म्हणजे चार दशांश उरले, आणि ते ६३. म्हणून गयेपूर्वी ६३ × १०/४ = १५७ १/२. इथे नव्वद टक्के मुलं मान वर करून विचारतात, ‘अर्धा कसा आला? चुकलं का?’ चुकलेलं नाही. त्याच ग्रंथाच्या आरंभी नाण्यांचं कोष्टक आहे: १६ द्रम्म म्हणजे एक निष्क. अर्धा निष्क म्हणजे आठ द्रम्म, अगदी देता येण्याजोगी रक्कम. अर्धी नोट किंवा अर्धा माणूस आला तर थांबून शोधावं, अर्ध्या रुपयाला घाबरू नये. पुढे चला: जकातीपूर्वी १५७ १/२ × ४/३ = २१०. काशीपूर्वी २१० × ९/७ = २७०. प्रयागपूर्वी दुप्पट, ५४०.

या गणितात एक सोय आहे जी आईच्या बाजारहाटात नव्हती. इथे कुठेही ठरावीक रक्कम गेलेली नाही, फक्त भाग गेले आहेत. म्हणून उरलेले भाग थेट गुणता येतात: १/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ७/६०. ७/६० म्हणजे ६३, तर पूर्ण म्हणजे ५४०. भास्कराचार्य हे उदाहरण इष्टकर्मात घालतात, म्हणजे मनाने एक रक्कम धरायची, शेवटी काय येतं ते पाहायचं आणि त्या प्रमाणात वाढवायचं. ६० धरले तर शेवटी ७ उरतात. हवेत ६३, म्हणून नऊपट. पण मध्ये रिक्षाचे ५० किंवा भाजीचे २० असे ठोक रुपये आले, की हे प्रमाण मोडतं आणि पायरी-पायरीनेच मागे यावं लागतं. हा फरक न सांगता इष्टकर्म शिकवलं, तर मुलं ते सगळीकडे लावतात आणि चुकतात. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, असं तिथला शिलालेख सांगतो. पाटणादेवीला जाणं झालं तर मुलीला हे आवर्जून सांगा.)

मागे येण्याची खरी ताकद पैसा अनेक हातांत फिरतो तेव्हा दिसते. आशा, बाबू आणि चित्रा यांच्याजवळ काही रुपये आहेत. आशाने बाकी दोघांना त्यांच्याजवळ होते तेवढेच आणखी दिले. मग बाबूने तसंच केलं, मग चित्राने. शेवटी तिघांजवळ प्रत्येकी ४० रुपये झाले. सुरुवातीला कोणाजवळ किती? समीकरणं करायला गेलात तर तीन चलं लागतात आणि तिसऱ्या फेरीपर्यंत प्रत्येकाच्या रकमेची लांबलचक ओळ होते. मागे यायला चार ओळी पुरतात. चित्राने दिल्यावर ४०, ४०, ४०. चित्राच्या देण्याने आशा आणि बाबू दुप्पट झाले, म्हणजे त्याआधी ते २० आणि २० होते. उरलेले चित्राचे: १२० वजा ४०, म्हणजे ८०. त्याआधी, बाबूच्या देण्यापूर्वी, आशा १० आणि चित्रा ४०, म्हणून बाबू ७०. त्याआधी, आशाच्या देण्यापूर्वी, बाबू ३५ आणि चित्रा २०, म्हणून आशा ६५. प्रत्येक ओळीची बेरीज १२० आली पाहिजे, कारण पैसा बाहेर गेलेलाच नाही. ही बेरीज लिहायची सवय लागली, की चूक घडल्या जागीच सापडते.

मग क्ष कधी? आईचंच गणित घेऊ आणि त्यातली एकच माहिती बदलू. शेवटची शिल्लक सांगू नका. त्याऐवजी सांगा की किराणा आणि औषधं मिळून ४१० रुपये झाले. बाकी सगळं तसंच. आता मागे येऊन दाखवा. येता येत नाही, कारण ४१० ही वाटेवरची रक्कम नाही. ती वाटेतल्या दोन वेगवेगळ्या जागांची बेरीज आहे, आणि त्या दोन्ही जागा निघतानाच्या रकमेवर अवलंबून आहेत. इथे क्ष हवाच. किराणा क्ष/२, औषधं (क्ष/२ − ५०) च्या एक तृतीयांश:

क्ष/२ + १/३ × (क्ष/२ − ५०) = ४१०

सगळ्याला ६ ने गुणा: ३क्ष + क्ष − १०० = २४६०. म्हणून ४क्ष = २५६०, क्ष = ६४०. इथे कंस सोडवावाच लागला, कारण क्ष दोन ठिकाणी होता आणि ते दोन्ही क्ष एकत्र आणल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मुलीला ही दोन गणितं एकाशेजारी एक लिहून द्या. मला याहून चांगला धडा ठाऊक नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात याच जातीचं सुंदर उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रूपे (इथे पैशाचं एकक) आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण १०० रूपांचं कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी. घोड्याची किंमत काय? घोड्याची किंमत क्ष मानली तर ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून ४क्ष = ४०० आणि क्ष = १००. दोघांजवळ ९०० रूपांची संपत्ती. इथे ‘शेवट’ नावाची गोष्टच नाही, काळाचा क्रमही नाही. दोन माणसं एकाच क्षणी तराजूत उभी आहेत. क्रम नसेल तर मागे जाणार कुठे? शिवाय कर्ज म्हणजे ऋण संख्या, हे मुलांना या गणिताइतकं चटकन कुठेच पटत नाही.

दोन अज्ञात रकमांचं त्याच ग्रंथातलं उदाहरण थोडं पुढच्या वर्गातलं आहे. एक म्हणतो, ‘मित्रा, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.’ दुसरा म्हणतो, ‘तू मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन.’ पहिल्याचे क्ष, दुसऱ्याचे य. क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०). उत्तर ४० आणि १७०. सातवीच्या मुलीने हे आत्ता सोडवलंच पाहिजे असं नाही, पण एक गोष्ट दाखवा: शंभर मिळाले की समोरच्याचे शंभर कमी होतात. देण्याघेण्याच्या गणितात मुलं एका बाजूला मिळवतात आणि दुसरीकडे वजा करायला विसरतात.

नोटा-नाण्यांची गणितं क्षच्या प्रांतात येतात. तिथे क्ष म्हणजे काय हे धड न लिहिल्यामुळे घोळ होतो. ‘१० आणि २० रुपयांच्या मिळून ३५ नोटा आहेत, एकूण रक्कम ५०० रुपये.’ मुलं लिहितात: ‘१० च्या नोटा = क्ष, २० च्या नोटा = य’, आणि खाली बिनदिक्कत क्ष + य = ५००. नोटांची संख्या आणि नोटांचे रुपये एकाच अक्षरात मिसळले. म्हणून पहिली ओळ पूर्ण वाक्यात हवी: ‘१० रुपयांच्या नोटांची संख्या क्ष मानू.’ मग २० च्या नोटांची संख्या ३५ − क्ष, आणि रुपये १०क्ष + २०(३५ − क्ष) = ५००. म्हणून ७०० − १०क्ष = ५००, क्ष = २०. दहाच्या २०, विसाच्या १५. हेच तोंडी करता येतं: सगळ्या दहाच्या धरल्या तर ३५०, कमी पडले १५०, एक नोट बदलली की १० वाढतात, म्हणून १५ नोटा विसाच्या. मुलीला तोंडी रीत आवडली तर आवडू द्या. तिने समीकरणाशी ती जुळवून पाहावी एवढंच.

राहिला गुणांचा प्रश्न. प्रश्नात ‘समीकरण तयार करून सोडवा’ असं लिहिलं असेल, तर समीकरण मागितलं होतं आणि ते द्यायलाच हवं. तिथे वाद घालू नका. तसं लिहिलेलं नसेल, तर मागे येऊन सोडवलेलं उत्तर पूर्ण गुणांचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, अट एकच: पायऱ्या लिहिलेल्या असाव्यात. नुसतं ‘१६० + २० = १८०, १८० × ३/२ = २७०’ लिहिलं तर तपासणाऱ्याला हे आकडे कशाचे ते कळत नाही. ‘भाजीपूर्वी शिल्लक’, ‘औषधांपूर्वी शिल्लक’, ‘रिक्षापूर्वी शिल्लक’ असे दोन-दोन शब्द प्रत्येक आकड्यामागे लिहायला शिकवा. बरीच हुशार मुलं तोंडी झरझर मागे येतात आणि कागदावर फक्त उत्तर लिहितात. त्यांचे गुण जातात ते रीत चुकली म्हणून नाही, ती दिसली नाही म्हणून. शाळेत जाऊन शांतपणे विचारायलाही हरकत नाही. बहुतेक शिक्षक उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात.

आणि ताळा. तो समीकरणात क्षची किंमत घालून करू नका. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात बरोबर बसतं आणि मूल निर्धास्त होतं. ताळा मूळ गोष्टीत करायचा: ६४० घेऊन निघाली, किराण्याला ३२०, उरले ३२०. रिक्षाला ५०, उरले २७०. औषधांना ९०, उरले १८०. भाजी २०, उरले १६०.